नकट्याचा श्वास

त्या कुत्र्याची मला किळस यायची, हे आधीच सांगून टाकतो. पुढं मी त्याच्यासाठी जे काही केलं ते वाचून कुणाला वाटायला नको, की माझा फार जीव होता त्याच्यावर. जीव नव्हता, काम होतं. आणि अंगावर आलेलं काम टाकलं तर उद्या आपल्याला दारात कोण उभं करील, ही भीती माझ्या मनात लहानपणापासून बसलेली आहे.

मी मूळचा जत तालुक्यातला. आठवीत शाळा सुटली. सुटली म्हणजे काय, इंग्रजीच्या सरांनी माझी वही वर्गापुढं वाचून दाखवली, पोरं हसली, आणि दुसऱ्या दिवशी दप्तर घेऊन निघालो तो शाळेकडं न जाता चुलत्याच्या ट्रकवर जाऊन बसलो. मग ट्रकच. गोंदियाला तांदूळ भरायला आलो असताना मला हिवतापानं धरलं. गाडी भरून उभी होती, ती किती थांबणार? चुलता म्हणाला, "बरा झालास की रेल्वेनं ये." ज्या राईस मिलमधून माल भरत होतो, तिथल्या शेठजींनी मला बॉयलरमागच्या खोलीत झोपू दिलं. त्यांच्या घरी स्वयंपाक करणारी मावशी सकाळ-संध्याकाळ भाताची पेज घेऊन यायची. मीठ घातलेली, कोमट. मला गिळवायचं नाही, तर ती बाबू, बाबू करत डोकं मांडीवर घेऊन चमच्यानं पाजायची आणि वर शिव्या द्यायची. पंधरा दिवसांनी मी उठलो. शेठजींना ड्रायव्हर हवा होता. मी परत गेलोच नाही.

मावशी चोरखमारा गावाकडची. घरच्या धानाच्या दोन-तीन बांध्या, म्हणजे बांध घातलेले शेताचे तुकडे, आहेत, त्या भाऊ करतो. ही गोंदियाला रांधते. इकडच्या बायका पुरुषांसारखं "मी आलो, मी जेवलो" असंच बोलतात. सुरुवातीला मला हसू यायचं. एकदा हसलो तर म्हणाली, "तुया जतच्या बाया का गाणं म्हणत बोलतात का?" तेव्हापासून हसलो नाही. या घरात माझं असं एकच माणूस होतं, आणि त्या माणसाच्या पेजेवर मी जगलेला होतो. हे लक्षात ठेवा, कारण माझी चूक तिथूनच झाली.

कुत्रा शेठजींच्या मुलीनं हट्ट करून आणला. पग. त्याचं घरातलं नाव इंग्रजी होतं, माझ्या तोंडात ते कधी नीट बसलं नाही. मावशी त्याला नकट्या म्हणायची. दीदी, म्हणजे ती मुलगी, वर्षभरात नागपूरला कॉलेजात गेली आणि नकट्या माझ्या गळ्यात पडला.

आमच्याकडची कुत्री लांब तोंडाची, पोट पाठीला लागलेली. मेंढरांमागं दिवसभर पळून आली तरी तोंड मिटून बसतात. हा प्राणी बघा. तोंडावर परात आपटावी तसा चेहरा. नाक म्हणजे दोन चिरा, तांदळाचा दाणा आडवा जाणार नाही एवढ्या. डोळे आत्ता पडतील असे बाहेर. नाकावर कातडीच्या घड्या, आणि त्या घड्यांत रोज साचणारा काळपट, ओलसर मळ. त्याला नासक्या दह्याचा वास. रोज सकाळी कापूस ओला करून तो मळ काढायचं काम माझं. चहा प्यायच्या आधी करायचो, नंतर केलं तर चहा वर यायचा. खाल्लं की पाच मिनिटांत तो घशातून घर्रर्र आवाज काढत पांढरा फेस ओकायचा, त्यात त्याच्या विकतच्या खाण्याचे अख्खे दाणे. तेही मीच पुसायचो.

आणि त्याचं घोरणं! जागा असतानासुद्धा घोरायचा. त्या आवाजावर सगळं घर खूश. पाहुणे आले की शेठजींची बायको, भाभीजी, हौसेनं सांगायच्या, "अभी सुनना, एकदम दादाजी जैसा!" मग कुणीतरी मोबाईल त्याच्या तोंडाशी धरायचं. तो बसल्या बसल्याच झोपायचा, हनुवटी चपलांच्या रॅकच्या कडेला अडकवून. मान कलली की दचकून जागा व्हायचा, पुन्हा हनुवटी कडेवर. दीदीनं त्याचा व्हिडिओ टाकला, तो खूप लोकांनी पाहिला म्हणे. मीही हसायचो. एकदा तर पाहुण्यांना हसवायला त्याच्या घोरण्याची नक्कल मीच करून दाखवली. शेठजींनी पाठीवर थाप मारली होती.

महाशिवरात्रीला सगळे गोंदिया जिल्ह्यातल्याच प्रतापगडच्या डोंगरावर यात्रेला गेले, गाडी माझ्याकडं. दीदी आली होती, तिला वरती नकट्याबरोबर फोटो काढायचा होता. ऊन चढलेलं, गर्दी, नारळाची दुकानं, धूळ. गळ्यातला पट्टा धरून ती पुढं, तो मागं. अर्ध्या चढावर तो बसला. "ड्रामा करता है," दीदी म्हणाली आणि पट्टा ओढला. तो चार पावलं गेला आणि आडवा झाला. मी खाली वाकून पाहिलं तर जीभ जांभळासारखी. पाय ताठ. खाली मूत पसरलेलं. छाती खालीवर होत होती पण आत काही जात नव्हतं, नळ सोडावा आणि नुसता फुस्स आवाज यावा तसं.

भाभीजी ओरडायला लागल्या, "पानी लाओ, कोई पानी लाओ!" बाजूला नारळ विकणारी एक म्हातारी होती. तिनं आपली कळशी उचलली, त्याच्या पोटावर ओतली आणि म्हणाली, "याले नाकच नाही दिलं तुमी. दम कोठून घेईन थो?"

आम्ही दिलं नाही, असं ती म्हणाली. देवानं दिलं नाही, असं नाही म्हणाली. मी त्याला छातीशी धरून खाली पळालो. यात्रेसाठी घातलेला पांढरा शर्ट, त्यावरून चिकट लाळेची धार पोटापर्यंत, पँटीवर मूत. गाडीतला एसी लावून त्याचं तोंड झोताशी धरलं. अर्ध्या तासानं जिभेला रंग आला. मग मी गाडीच्या मागं जाऊन ओकलो.

गोंदियातल्या जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, यावर ऑपरेशन आहे, नागपूरला करतात, आणि उन्हाळा लागायच्या आत करा. शेठजी म्हणाले, "देख, तू ले के जा. तेरे को जमता है." मला जमतं असं आजवर फार कमी लोकांनी म्हटलंय, म्हणून मी एका शब्दानं नाही म्हटलं नाही.

नागपूरच्या डॉक्टर बाई होत्या, बारीक, चष्मा लावलेल्या. त्यांनी मला रागावून विचारलं, "हनुवटी वर करून झोपतो का?" मी म्हटलं, हो, सगळे त्याचा व्हिडिओ काढतात. त्या म्हणाल्या, "मान खाली गेली की श्वास बंद होतो त्याचा. म्हणून तो तसा झोपतो. झोपतो कुठला, पहारा देतो स्वतःवर."

ऑपरेशन झाल्यावर त्यांनी मला आत बोलावलं आणि स्टीलच्या ताटलीत कापलेला तुकडा दाखवला. करंगळीच्या पेराएवढा, जाड, गुलाबी, कोंबडीच्या कातडीसारखा. टाळूचा मागचा भाग. तो श्वासाच्या वाटेवर लोंबत होता, जन्मल्यापासून. नाकपुड्याही चिरून मोठ्या केल्या होत्या. बाई म्हणाल्या, "लोकांना चपटं तोंड आवडतं, म्हणून चपट्याला चपटं लावून आणखी चपटी पिल्लं काढतात. तोंड लहान होतं, आतलं मांस तेवढंच राहतं. मग ते जाणार कुठं?"

ताटलीकडं बघत मी उभा राहिलो. सोफ्यावर बसून हसणारी ती सगळी माणसं डोळ्यांपुढं आली, त्यांच्या हातांतले मोबाईल, बिस्किटांच्या बश्या. आणि त्यांच्यात मधोमध मी, घोरण्याची नक्कल करणारा. 

तीन दिवस त्याला तिथंच ठेवलं. निघताना बाईंनी इंग्रजीत छापलेला कागद दिला. मी तो उलटा धरला असावा, कारण त्यांनी तो परत घेतला आणि तोंडी सांगायला लागल्या. मी डिझेलची वही काढली आणि लिहून घेतलं. पट्टा गळ्याला नाही, छातीला. गरमीत बाहेर नाही. भुंकू द्यायचं नाही. जीभ बघत राहणे. आणि खाणं: पातळ काही नाही. घट्ट गोळा, लिंबाएवढा, हातानं, एकेक. हे त्यांनी तीनदा सांगितलं. "गळा आत्ता सुजलेला आहे, त्याचं दार नीट लागत नाही. पातळ गेलं तर सरळ फुप्फुसात जाईल. पाणी थोडं थोडं, तुमच्या समोर." मी पातळ नाही या शब्दांखाली दोन रेघा मारल्या.

घरी आणला. नाकपुड्यांना टाके, त्यांवर काळं रक्त धरलेलं. तोंडातून गुलाबी लाळ गळायची, तिचे धागे फरशीपर्यंत. मी मागच्या व्हरांड्यात कूलर लावून त्याच्याजवळ बसून राहायचो आणि श्वास मोजायचो. मोजून काय करायचं ते माहीत नव्हतं, पण मोजायचो. गोळे करून पुढं धरले तर हुंगायचा आणि तोंड फिरवायचा. एक दिवस झाला, दुसरा झाला. शेठजी आणि भाभीजी लग्नाला रायपूरला गेले होते, दीदीची परीक्षा. घरात मी आणि मावशी.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी पितळी वाटी घेऊन व्हरांड्यात आली. वास आल्याबरोबर मी ओळखलं.

"मावशी, पेज नको. डॉक्टरनी पातळ नको म्हटलंय."

"पेज का पातळ रायते का? हे पाय, चमचा उभा रायते."

पाय म्हणजे पाहा. पाहिलं, तर चमचा खरंच उभा राहिला, क्षणभर. मग हळूहळू कलला.

"त्याच्या गळ्याला—"

"दोन दिवसांचा उपाशी हाय थो. डोरे पाय त्याचे, आत चालले. भुकेनं मारून राहिला तू त्याले, अन् मले डॉक्टर सांगून राहिला."

"बाईंनी सांगितलेलं वहीत लिहून घेतलंय."

"वही!" ती खाली बसली. "तुले तापात कोन्या वहीतून जगवलो रे म्या? तवा तुये ओठ मिटले होते, दाताईत चमचा घालून पाजलो. मेला का तू? आता ड्रायव्हर झाला तर माया हातची पेज तुले विष लागून राहिली काऊन?"

इकडं माणूस आजारी पडलं की पेज, बाळंतीण असली की पेज, म्हातारं जायला टेकलं तरी शेवटची पेज. जो कुणी पेजेला नाही म्हणतो तो पाजणाऱ्याच्या हातालाच नाही म्हणतो. आणि ज्या हातानं मला उठवलं त्या हाताला मी डिझेलच्या वहीसाठी नाही म्हणायचं? मी नकट्याचं डोकं धरलं. वाटी मावशीनं धरली. म्हणजे मी धरलं नसतं तर त्यानं कदाचित तोंड फिरवलं असतं, हे मला माहीत होतं, तरी मी धरलं.

त्यानं जीभ लावली आणि लपलप सुरू झाली. दोन दिवसांनी खात होता. मावशी माझ्याकडं बघून म्हणाली, "पाय!" मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

अर्धी वाटी झाली आणि त्याला ठसका लागला. मान ताणून त्यानं दोन-तीन हिसके दिले, आणि त्याच्या टाके घातलेल्या नाकातून पेज बाहेर आली. पांढरी, त्यात भाताचं शीत, आणि शिताभोवती लाल दोऱ्यासारखं रक्त. माझ्या मनगटावर पडली. कोमट. कोमट होती हे मला अजून आठवतं आणि अजून अंगावर काटा येतो. मी तोंड फिरवलं, मावशीनं पदरानं त्याचं नाक पुसलं. थोड्या वेळानं तो शांत झाला. "लागला ठसका, होते," ती म्हणाली. आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघायचं टाळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तापला होता. पोट भात्यासारखं चाललेलं. जीभ जांभळी नव्हती, राखेसारखी होती, आणि तोंडाला आंबलेल्या पेजेचा वास. मी स्वयंपाकघरात येऊन नागपूरला फोन लावला. मावशी ओट्याशी, माझ्याकडं पाठ करून कांदा चिरत होती.

बाईंनी विचारलं, "पातळ काही दिलं का?"

सुरीचा आवाज थांबला.

"नाही," मी म्हणालो.

मी काय काय विचार केला त्या एका क्षणात, सांगतो. भाभीजींनी आधीच्या एका बाईला दूध उतू गेलं म्हणून काढलं होतं. मावशीचं वय झालंय. मला कुठंतरी ट्रक मिळेल, तिला नवीन घर कोण देईल? हे सगळं खरं. पण त्याच्या खाली आणखी एक होतं. ज्या शेठजींनी "तेरे को जमता है" म्हटलं, त्यांना कळलं असतं की मला जमत नाही.

"मग सूज वाढली असेल," बाई म्हणाल्या. "तिथल्या डॉक्टरांकडं लगेच न्या, सूज उतरायचं इंजेक्शन मी त्यांना कळवते. ते घेतलं की संध्याकाळपर्यंत बघू."

मी त्याला गाडीत घातला. मावशी फाटकापर्यंत आली.

गोंदियातले डॉक्टर इंजेक्शन भरून तयारच होते. मी नकट्याला टेबलावर धरला. त्यांनी मागची मांडी स्पिरिटनं पुसली आणि सहज म्हणाले, "उलटी-गिलटी? नाक से कुछ निकला था क्या?"

तेवढ्यात नकट्या खोकला. माझ्या हातावर पिवळट काहीतरी आलं आणि त्यात भाताचं अर्धं शीत होतं. कालचं. कुठल्या कोपऱ्यात अडकलं होतं कोण जाणे. डॉक्टरांचं लक्ष सुईकडं होतं. मी मूठ मिटूनच ठेवली असती तर त्यांना दिसलं नसतं. मूठ मिटलीही होती. आत ते शीत चिकटलेलं लागत होतं.

"थांबा साहेब," मी म्हणालो. "पेज पाजली. काल दुपारी. मी पाजली." आणि मूठ उघडली.

त्यांनी माझ्या तळहाताकडं पाहिलं आणि सुई खाली ठेवली. शिवी दिली, ती मला लागू होती. मग नागपूरला फोन लावून बराच वेळ इंग्रजीत बोलले आणि फोन माझ्याकडं दिला. मला वाटलं आता बाई फाडून खातील. त्या म्हणाल्या, "सांगितलंत ते बरं केलं. या अवस्थेत ते इंजेक्शन गेलं असतं तर छातीतला जंतू आणखी वाढला असता. आता रडू नका, ऐका." मी रडत होतो हे मला तोवर कळलं नव्हतं.

छातीचा एक्स-रे फोटो काढला. उजव्या फुप्फुसावर पांढरा डाग, थंडीत बांधीवर धुकं बसावं तसा. दुसरी औषधं सुरू झाली. वाफेचं मशीन दिलं. दिवसातून चार वेळा वाफ, आणि वाफेनंतर तळहाताची वाटी करून छातीवर दोन्ही बाजूंनी थापटायचं, म्हणजे आतलं सुटतं. वाचेल का, विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, "तीन दिन निकाल दे, फिर पूछना."

घरी येऊन भाभीजींना फोन लावला, सांगायलाच हवं होतं. माझा फोन जुना, स्पीकर लावल्याशिवाय ऐकू येत नाही. म्हटलं, भाभीजी, माझ्याकडून चूक झाली, मी पेज पाजली.

"तुमको इतना भी समझता नहीं?" त्या ओरडल्या. "पढ़ना नहीं आता तो किसी से पूछ लेते! जानवर मार डालोगे क्या?"

सरांनी वही वाचून दाखवली त्या दिवशी कान जसे तापले होते तसे तापले. मी "जी, जी" करत राहिलो. फोन ठेवून वळलो तर मावशी दारात.

मला वाटलं होतं ती पदर डोळ्यांना लावील. ती भडकलेली होती.

"माया पेजेवर तुयं नाव काऊन लावलं?"

"मावशी, तुम्हाला काढलं असतं कामावरून."

"काढन तं काढन! म्या का चोरी केलो का? भुकेल्या जीवाले खाऊ घातलो. तू मले लपवून राहिला, म्हंजे तुया मनात म्या वाईटच केलो ना?"

"वाईट नाही, पण—"

"पण का? फोन लाव तिले."

मी लावला नाही. तिनं आपला फोन काढला, डोळ्यांजवळ नेऊन नंबर शोधला आणि भाभीजींना सांगितलं, "भाभीजी, पेज मैं पिलाई. वो बाबू ना बोल रहा था, मैं जबरदस्ती पिलाई. मेरे को काढना है तो काढो, पर उसको अनपढ़ मत बोलो." मग भाभीजी म्हणाल्या, "हम आके बात करते हैं." मावशीनं फोन कमरेला खोचला आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं टाकलं. ताट वाढायची, बाजूला ठेवायची आणि जायची. पेजेनं कुत्रा बिघडला हे तिला मान्यच नव्हतं. बिघडला असेल तर ऑपरेशननं बिघडला.

पुढचे दिवस म्हणजे नुसती घाण. वाफ द्यायची, थापटायचं, मग तो पाय फाकून उभा राहायचा आणि खोकायचा, आणि जे यायचं ते मी फडक्यात धरायचो. आधी हिरवं, जाड. मग पिवळं. रंग बघून वहीत लिहायचं, डॉक्टरांनी सांगितलं होतं. फडकी उकळायला घातली की सगळ्या व्हरांड्यात मेलेल्या उंदरासारखा वास पसरायचा. माझं जेवण उडालं. चोवीस तास हाताला तोच वास, साबण लावला तरी तोच.

तिसऱ्या दिवशी सकाळी थापटत असताना त्यानं माझ्या दिशेला तोंड केलं आणि खोकला. गोळा माझ्या ओठावर. मी तोंड उघडं ठेवून बसलो होतो, त्यामुळं थोडं आतही गेलं. खारट. मी तिथंच वाकून ओकलो, व्हरांड्याच्या कडेला. मला ओकताना बघून तोही ओकला. आम्ही शेजारी शेजारी, मान खाली घालून.

मागं मावशी उभी होती. तीन दिवसांत पहिल्यांदा बोलली, पण माझ्याशी नाही, भिंतीशी.

"एक आनला होता कुत्रा. आता दोन झाले."

त्या दिवशी ताप उतरला. लगेच बरा झाला असं नाही, दोनदा पुन्हा चढला. शेठजी-भाभीजी परत आले. भाभीजींनी मावशीला समोर बसवून बरंच ऐकवलं, मला त्याहून जास्त. शेठजी पेपर वाचत होते, तो बाजूला ठेवून म्हणाले, "दोनों ने सच बोला ना? फिर?" आणि पुन्हा पेपर घेतला. कुणाला काढलं नाही. त्यांचे उपकार मी कुठं ठेवू, असं मला झालं होतं. त्यानंतर दोन दिवसांनी घरी आलेल्या पाहुणीनं मोबाईल काढून विचारलं, "वो खर्राटे वाला किधर है?" तेव्हा मी व्हरांड्याचं दार लावून घेतलं आणि आतून म्हटलं, डॉक्टरनी कुणाला भेटू देऊ नका सांगितलंय. डॉक्टरांनी तसलं काही सांगितलं नव्हतं.

फोटो पुन्हा काढला तेव्हा डाग निम्म्यावर आला होता. पण तो खात नव्हता. घशात दुखायचं, किंवा भीती बसली होती. माझ्या हातचा गोळा चाटायचा, टाकायचा. फासळ्या दिसायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, औषधानं काम केलं, आता पोटात काही गेलं नाही तर वाचवून उपयोग नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास मावशी स्वयंपाकघरात भांडी आपटत होती. मी डोकावलो. तिनं भात शिजवला होता आणि पातेलं कलतं करून त्यातली सगळी पेज वाटीत गाळून घेत होती, थेंब थेंब. मग भात परातीत पसरून पंख्याखाली ठेवला. त्यात कोंबडीचं उकडलेलं मांस बारीक कुसकरलं आणि दाबून दाबून लिंबाएवढे गोळे वळले. प्रत्येक गोळा वळून झाला की मूठ उलटी करून बघायची, खाली काही गळतंय का. गाळलेली पेज तिनं मीठ घालून उभ्या उभ्या स्वतः प्यायली, माझ्याकडं बघत, शेवटच्या थेंबापर्यंत. वाटी उलटी ठेवली.

व्हरांड्यात येऊन ती नकट्यापुढं बसली. तळहातावर एक गोळा ठेवला आणि मला विचारलं, "हे चालते का तुया डॉक्टरले? का त्यालेही वही लागते?"

"चालतं, मावशी."

"खाय रे नकट्या. म्या नाही मारत तुले."

त्यानं हुंगलं. घास चुकला तर ह्या वेळी आमच्या दोघांच्या हातून चुकणार होता. त्यानं गोळा उचलला, दोनदा चावला, गिळला. आम्ही थांबलो. ठसका आला नाही. दुसरा गोळा. तिसरा. पाचव्यानंतर त्यानं तोंड चाटलं आणि मावशीच्या मांडीवर पुढचे पाय ठेवून तिच्या चेहऱ्याजवळ तोंड नेलं.

मग त्याचं सगळं अंग ताठ झालं. डोळे मिटले. मी "मावशी, मागं—" एवढंच म्हणू शकलो.

तो शिंकला. त्याआधी मी त्याला असं कधी शिंकताना पाहिलं नव्हतं. आधी नुसतं घशात काहीतरी फुटायचं. ही शिंक दोन्ही नाकपुड्यांतून आली, पूर्ण, मोकळी, बार उडावा तशी. खपल्या, शेंबूड, कोंबडीचे धागे, सगळं मावशीच्या तोंडावर, नथीवर, नव्या ब्लाउजवर.

"छी! छी, छी! हागल्या तोंडाचा!" मावशी दोन्ही हात लांब धरून ओरडायला लागली. "बाबू, फडकं आन! पायत का बसला? डोऱ्यात गेलं ना माया!"

फडकं माझ्या खांद्यावरच होतं, कालचं, वासाचं. तेच मी तिच्या हातात दिलं. तिनं तोंड पुसलं, वास घेतला आणि मला अशी शिवी हासडली की ती इथं लिहिता येणार नाही. नकट्या खाली बसला, नाक वर करून, तोंड मिटून. मी वाकून पाहिलं. दोन्ही भोकं उघडी होती, ओली, आतून लालसर, बघवत नव्हती. त्यांतून वारा आत जात होता आणि बाहेर येत होता.